अठराव्या ग्रीनवरची रेघ

माझी सगळी नोकरी भोकं पाडण्यात आणि बुजवण्यात गेली. विनय म्हणून सांगत नाही, कामच ते होतं. रोज सकाळी अठरा नवी भोकं पाडायची, कालची अठरा बुजवायची, आणि बुजवलेली कुठे होती ते कोणाच्या बापाला ओळखू येता कामा नये. वडील गार्डन रीचला रेल्वेत होते, त्यामुळे मी जन्मापासून कोलकात्याचाच. शेतकीची पदवी घेतली आणि इथल्या एका जुन्या गोल्फ क्लबात मैदान राखायला लागलो. आई हळदीकुंकवाला बायकांना सांगायची, मुलगा बागायतीच्या खात्यात आहे. शिकलासवरलेला मुलगा गवत कापतो हे तिच्यानं शेवटपर्यंत बोलवलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा आग्रह असा, की मोठमोठ्या खेळाडूंच्या आठवणी लिहा. काय लिहायचं कपाळ? मोठे खेळाडू सगळे सारखेच. जिंकले तर स्वतःमुळे, हरले तर माझ्या गवतामुळे. मला आठवतात ती बाहेरची माणसं. आमच्या मैदानावर दर हिवाळ्यात मोठी अजिंक्यपद स्पर्धा व्हायची, पण वर्षातले बरेच दिवस, आधी नाव नोंदवून, कोणीही साधा माणूस तिथे खेळू शकायचा. ही गंमत दुसऱ्या खेळात नाही. कसोटी सामन्याच्या खेळपट्टीवर तुम्हांला कोणी बॅट घेऊन उभं करील का? इथे मात्र गेल्या आठवड्यात विजेत्यानं जिथून चेंडू मारला, तिथेच उभं राहून बँकेतला कारकून चेंडू तळ्यात घालवतो आणि धन्य होतो.

आसनसोलकडचे चौघे एकदा आले होते, त्यांनी ग्रीनवर पाय ठेवण्याआधी बूट काढून ठेवले. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. बोटभरसुद्धा नाही, तांदळाच्या दाण्याहून कमी उंचीचं. त्यांना वाटलं, सतरंजीवर बूट घालून कसं जायचं. बेहालाचा एक शिक्षक काडेपेटीत थोडं गवत भरून घेऊन गेला, गच्चीत लावतो म्हणाला. मी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. महिन्याभरानं येऊन सांगून गेला, मेलं म्हणून. मेलं नसतं तरच नवल.

पेठे यांच्यातलेच. खिदिरपूरला जहाजांच्या कामात नोकरी करून निवृत्त झालेले, बालीगंजला फ्लॅटमध्ये राहणारे, काकू आणि ते दोघंच. मुलगी परदेशी. गोल्फ शिकले ते बदलीच्या गावांत, कारखान्यांच्या वसाहतींत. तिथे नऊच भोकं असतात आणि ग्रीन म्हणजे तेल शिंपडलेली वाळू. मला म्हणाले होते, की आयुष्यभर वाळूत खेळलो, एकदा अठराच्या अठरा खऱ्या गवतावर पुरी करायची आहेत, कार्डावर तुमची सही घ्यायची आहे आणि ते भिंतीवर लावायचं आहे. बाहेरचा माणूस अठरा भोकं पुरी करून आला, की त्याच्या कार्डावर क्लबातर्फे मी सही करायचो, अशी आमच्याकडे पद्धत होती. पुरी झाली नाहीत तर सही नाही. पेठ्यांचं हृदय अधू होतं. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितलं होतं. मैदान सपाट आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

त्यांची पाळी दोनदा पावसात गेली. तिसरी मिळाली ती नेमकी स्पर्धेसाठी मैदान बंद व्हायच्या आदल्या दिवशी. मला म्हणाले, शक्य असेल तर एक मागतो. अठराव्या ग्रीनवर स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी भोक जिथे असतं, तिथे ते माझ्या पाळीच्या दिवशी असेल का? मागचा डावा कोपरा, खाली लगेच तळं. सगळ्या शहराला ती जागा माहीत. खरं तर स्पर्धेआधी तिथलं गवत राखून ठेवायचं असतं, कुत्र्यालाही फिरकू द्यायचं नसतं. पण मराठी माणूस, त्यात आजारी, त्यात इतकी अदब. मी हो म्हणून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भोकं पाडायचं काम हाराधनकडे. कॅनिंगकडचा माणूस, माझ्याहून वयानं मोठा, बोलणं तोलून मापून. सव्वाचार इंच व्यासाचं पोलादी नळकांडं जमिनीत फिरवून दाबायचं, गवतासकट मातीचा लांबट गट्टू वर येतो, तोच गट्टू कालच्या भोकात बसवायचा. गवताचा कल जुळला पाहिजे. हाराधननं बुजवलेलं भोक मला स्वतःला कधी सापडलं नाही. त्या सकाळी मी जागा सांगितली तेव्हा त्यानं नळकांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, बाबू, एका दिवसासाठी? मी म्हटलं, एका दिवसासाठी.

दुपारी चारला निरोप आला, स्पर्धेचे मुख्य साहेब उद्या येणार होते ते आजच येतायत, अठरावी ग्रीन पाहणार आहेत. त्यांच्या राखीव कोपऱ्यात भोक दिसलं असतं तर माझी धडगत नव्हती. येणारेजाणारे मोजणाऱ्याला मी फोनवर विचारलं, मैदानावर कोणी आहे का. उत्तर आलं, सगळे गेले. मी हाराधनला पळवलं, भोकातला पत्र्याचा कप काढ, बुजव, पाणी मार. बाहेरून आणलेला ताजा गट्टू त्यानं असा बसवला, की पाच मिनिटांत त्या कोपऱ्यात कधी काही होतं असं वाटेना.

पेठे गेले नव्हते. चालायला वेळ लागतो म्हणून ते वाटेत प्रत्येकाला पुढे सोडत आले होते. सगळे पुढे गेले, म्हणून मोजणाऱ्यानं सगळे गेले असं धरलं. आणि मी, ज्यानं त्या माणसासाठी भोक पाडलं होतं, तो त्या माणसालाच विसरलो.

साहेबांबरोबर मी ग्रीनच्या कडेला उभा असताना ते आले. उजेड उतरला होता, तळ्यावर धुकं बसायला लागलं होतं. तिसऱ्या फटक्यात त्यांचा चेंडू तळ्यावरून येऊन ग्रीनवर थांबला. अठरावा होल चार फटक्यांत पुरा करणं म्हणजे कसलेल्या खेळाडूचं काम, आणि पेठ्यांचा चौथा फटका चार पावलांवरून मारायचा होता. ते सावकाश चढून वर आले, छोटी काठी हातात घेतली, आणि भोकातलं निशाण शोधायला लागले. अख्खी ग्रीन मोकळी. भोकच नाही. काठ्या वाहणारा कॅडी बिचारा तीन चकरा मारून आला, जमीन चाचपून आला.

हाराधन नळकांडं घेऊन माझ्या मागेच उभा होता. पुन्हा भोक पाडायला पाच मिनिटं पुरली असती. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. पण शेजारी साहेब उभे होते, आणि मी पुढे होऊन म्हणालो, "पेठेसाहेब, मैदान बंद झालंय."

"पण मी तिसऱ्यातच वर आलोय," ते म्हणाले. तक्रार नव्हती, मला माहिती पुरवल्यासारखं बोलले.

मी त्यांना सांगितलं, की स्पर्धा संपली की मी स्वतः फोन करीन. त्याच जागी भोक पाडून ठेवीन, हा एकच फटका येऊन मारा, सही करतो. त्यांनी मान हलवली. चेंडू उचलताना त्याच्या जागी खूण ठेवायची असते. बहुतेक लोक नाणं ठेवतात, त्यांनी खिशातून शर्टाचं एक पांढरं बटन काढून ठेवलं आणि अंगठ्यानं नीट दाबलं. मग सतरा आकडे लिहिलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. "हे तुमच्याकडेच असू दे. पुरं झालं की सही करा." साहेबांनी कोपरा पाहिला, गवताची तारीफ केली. त्या तारिफेची मला आज शिसारी येते.

सकाळी कापणीचं यंत्र फिरवायच्या आधी हाराधननं ते बटन उचलून मला आणून दिलं. मी ते कार्डाबरोबर खणात टाकलं. स्पर्धा झाली, तो कोपरा शेवटच्या दिवशी गाजला, विजेता कोणीतरी झाला. मग मैदानाला विश्रांती, मग खतं, मग पाण्याची मोटर जळाली. पेठ्यांना फोन करायचा हे मला रोज आठवायचं. रोज आठवणं आणि एकदाही न करणं, याला काही हुशारी लागत नाही.

पौषात एका सकाळी हाराधननं मला अठराव्या ग्रीनवर बोलावून नेलं. हिवाळ्यात पहाटे ग्रीनवर दव इतकं असतं, की सगळं पांढरट दिसतं. आम्ही लांब लवचिक बांबू फिरवून ते झाडून काढतो, नाहीतर गवताला बुरशी लागते. दव झाडायच्या आधीची ग्रीन कोरी असते. मुंगूस गेलं तरी दिसतं, कोल्हा गेला तर त्याची बोटं मोजता येतात. त्या सकाळी कोऱ्या दवात एक काळसर रेघ होती. चार पावलं लांब, किंचित उजवीकडे वळलेली. चेंडू दवातून घरंगळत गेला की अशीच रेघ उठते. ती ग्रीनच्या मधूनच सुरू झाली होती आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात संपली होती. भोक त्या दिवशी तिसरीकडेच, पुढच्या बाजूला होतं. चेंडू नव्हता. आणि भोवती एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी कोल्ह्यांवर ढकललं. आमचे कोल्हे चेंडू पळवतात हे खरं आहे. हाराधन म्हणाला, बाबू, कोल्हा काय उडत आला? मी त्याच्यावर खेकसलो, दव झाडायला लावलं आणि चहाला गेलो. दुसऱ्या दिवशी रेघ तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच. रात्रीच्या पहारेकऱ्याला बसवून ठेवलं. त्यानं कोणी पाहिलं नाही, पण पहाटे म्हणे टक असा एक आवाज झाला, फार हलका. त्यानंतर तो तिथे बसायला तयार होईना. मी स्वतः एकदा पाचला जाऊन उभा राहिलो. धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती, लांब नदीवर जहाजाचा भोंगा वाजत होता. मला आवाज आला नाही. पण दिसायला लागलं तेव्हा रेघ माझ्या बुटांपासून हातभर अंतरावरून गेलेली होती, आणि मी आल्यावर पडलेल्या माझ्या पावलांच्या ठशांवरून गेलेली होती. म्हणजे मी उभा असताना. घरी आल्यावर बायको म्हणाली, चेहरा का असा, ताप आहे का.

मंडळाच्या तिळगुळाला कोणीतरी सहज बोललं, पेठे गेले, कळलं का? झोपेतच गेले. मी दिवस विचारला. दुसऱ्या दिवशी हाराधनला विचारलं, ती रेघ पहिल्यांदा कधी दिसली. तो अंगठाछाप, पण त्याच्या लेकीच्या सासरची माणसं ज्या दिवशी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी, असं त्यानं सांगितलं. हजेरीच्या वहीत त्याची रजा पाहून मी हिशेब लावला. पेठे गेले त्याची दुसरी सकाळ.

बालीगंजला भेटायला गेलो. काकू शांत होत्या. बैठकीत गालिच्यावर एक स्टीलचा पेला आडवा पडलेला होता. म्हणाल्या, तो राहू द्यावासा वाटतो. ते रोज पहाटे उठून, चार पावलं मोजून, त्या पेल्यात चेंडू मारायचे. थोडा उजवीकडे वळतो तो, असं सांगायचे मला.

मग काकूच म्हणाल्या, "फोन वाजला की आधी ते उठायचे. मला उचलूच द्यायचे नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कार्ड मागितलं, कसंही असो, त्यांच्या हातचं आहे म्हणाल्या. मी सांगितलं, दोन दिवसांत आणून देतो. अपुरं कार्ड तेव्हाच देता आलं असतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच बसलं होतं, आणि ते त्या बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाराधनला म्हटलं, मागच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाड. त्यानं का म्हणून विचारलं नाही. सकाळची रेघ जिथे संपली होती तिथे त्यानं खूण करूनच ठेवली होती. नळकांडं फिरवलं, कप बसवला, आतून ओल्या मातीचा वास आला. मी खणातलं बटन आणलं होतं. चार पावलं मोजून, रेघ सुरू व्हायची तिथे ते ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. हाराधन पाठ फिरवून उभा राहिला. निशाण लावलं नाही. एवढ्या जवळून निशाण लागत नाही.

पहाटे आम्ही दोघं गेलो. दव नेहमीसारखं पांढरं. रेघ होती. सुरुवात तीच, उजवीकडचं वळण तेच, पण या वेळी ती भोकाच्या कडेशी जाऊन संपली नाही, कडेवरच्या दवाला मोडून आत उतरली होती. मी गुडघ्यावर बसून कपात हात घातला. चेंडू नव्हता. बोटांना पाणी लागलं, गार. मग बटन शोधलं. दव झाडण्याआधी शोधलं, झाडल्यावर शोधलं, हाराधन पालथा पडून शोधत होता. मिळालं नाही. खेळणारा चेंडू परत जागेवर ठेवतो, तेव्हा खूण उचलून खिशात टाकतो. रीतच आहे तशी.

ऑफिसात येऊन मी कार्डावर अठराव्या चौकटीत चार लिहिलं आणि खाली सही केली. नोकरीत मी इतक्या कार्डांवर सह्या केल्या, तेवढीच एक सही करताना मला रडू आलं. काकूंनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. विचारलं, "चौथ्यातच गेला?" मी म्हटलं, हो. "तुम्ही पाहिलंत?" मी म्हटलं, गेलेला पाहिला. त्यांनी पेला उचलून आत नेऊन ठेवला आणि मला चहा केला.

त्यानंतर अठरावी ग्रीन रोज कोरी असायची. मी सुटलो असं समजून चाललो होतो. आठवडाभरानं हाराधन ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, बाबू, पहिल्या ग्रीनवर या.

पहिल्या ग्रीनवर रेघ होती. लांब, दुसऱ्याच बाजूनं आलेली, आणि भोकाच्या वीतभर अलीकडे थांबलेली. थोडा कमी पडला होता फटका. हाराधननं वीत लावून अंतर मोजलं. मग म्हणाला, "पेठेबाबूंचं नाव तर एकाच फेरीसाठी लिहिलं होतं ना?" मला हसू आलं, आणि त्याच वेळी मानेवर काटाही आला.

फटका भोकात जाईपर्यंत रेघ त्याच ग्रीनवर राहायची, मग काही दिवस कुठेच नसायची, मग पुढच्या ग्रीनवर. माणूस जन्मभर सावकाश चालला, तो आता काय घाई करणार? उन्हाळ्यात दव नाही, तेव्हा काहीच दिसायचं नाही. पुजो, म्हणजे इथली दुर्गापूजा, होऊन थंडी पडली की पुन्हा सुरू. हाराधन काम सोडून गावी गेला तेव्हा चौथ्या ग्रीनवर होती. मी निवृत्त झालो तेव्हा सातव्या. रोज आधी ती ग्रीन बघून यायची मला सवय झाली होती. भीती गेली होती असं म्हणणार नाही. धुक्यात एकटा असलो की मी मोठ्यानं खाकरत चालायचो, माझ्याकडून पुन्हा कोणी राहून जाऊ नये म्हणून.

माझ्या जागी सुकांत नावाचा तरुण आला, शिकलेला, मातीची तपासणी फोनवर करणारा. त्याला मोटर, खतं, बुरशी, कोल्हे, सगळं समजावलं. हे सांगितलं नाही. वेडा म्हणून निरोप घ्यायची माझी इच्छा नव्हती. एवढंच म्हटलं, दव झाडायच्या आधी अठराही ग्रीन एकदा स्वतः बघत जा.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. स्पर्धा तोंडावर आली होती, मोठी माणसं पाहणीला यायची होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यानं विचारलं, "सर, आपल्याकडे पहाटे कोणाला खेळायची परवानगी दिलेली आहे का?"

मी विचारलं, कितव्या ग्रीनवर.

"सोळाव्या."

"मग दोन राहिल्यात," मी म्हटलं. "सुकांत, पाहणीला कोणीही येऊ दे, अठराव्याचं भोक बुजवू नकोस."